‘बेचिराख’ : एका शब्दाची कुळकथा

मराठीत नाशाच्या शब्दांना तोटा नाही. उद्ध्वस्त, उजाड, ओसाड, नामशेष, जमीनदोस्त, बरबाद, धूळधाण, राखरांगोळी, वाटोळे, सत्यानाश, पानिपत अशी यादी सहज लांबवता येईल. एखाद्या समाजाने काय काय सोसले ते त्याच्या इतिहासग्रंथांतून जसे कळते, तसे त्याच्या शब्दकोशातूनही कळते. दुष्काळ, स्वाऱ्या, लुटालूट, रोगराई यांतून गेलेल्या लोकांच्या भाषेत नाशाचे इतके शब्द साठले तर त्यात नवल नाही. नवल आहे ते वेगळेच. हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी बेलाशक वापरतो; पण त्यांतले कोणतेही दोन शब्द नेमके समानार्थी नाहीत. प्रत्येकाच्या मुळाशी एकेक निराळे चित्र आहे आणि शब्द झिजला तरी ते चित्र पुसट रूपात त्याच्या पोटात शिल्लक असते.

‘उद्ध्वस्त’ या शब्दात संस्कृतातील ध्वंस् हा धातू आहे. मोडून पडणे, चुरा होणे हे त्याचे मूळचे चित्र. ‘नामशेष’ म्हणजे ज्याचे केवळ नाव उरले आहे असे. ‘ओसाड’मधला ‘ओस’ हा संस्कृत ‘उद्वस’, म्हणजे वस्ती नसलेला, या शब्दापासून आला असे मानतात. ‘वाटोळे’ या शब्दाचा एक अर्थ गोल असा आहे आणि दुसरा सर्वनाश असा. ‘गरगरीत वाटोळा’ चेहरा कौतुकाचा असतो, पण ‘घराचे वाटोळे झाले’ म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. ‘पानिपत’ हे तर साक्षात एका गावाचे नाव. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या गावाजवळ मराठ्यांच्या फौजेचा जो संहार झाला त्यामुळे विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि आज परीक्षेत आपटलेला विद्यार्थीही ‘यंदा आमचे पानिपत झाले’ असे हसत हसत सांगतो.

या सगळ्या शब्दांत ‘बेचिराख’ या शब्दाची कथा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. या शब्दाचे आजचे चित्र आणि मूळचे चित्र यांत जितके अंतर पडले आहे, तितके वरच्या यादीतल्या क्वचितच दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत पडले असेल.

‘बेचिराख म्हणजे काय?’ असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘जळून राख झालेले’ असे उत्तर देतील. उत्तर स्वाभाविक आहे. शब्दाच्या शेवटी ‘राख’ अगदी स्पष्ट ऐकू येते आणि वर्तमानपत्रांतही हा शब्द बहुधा आगीच्या किंवा बाँबहल्ल्याच्या बातमीतच भेटतो. पण मग पुढच्या दोन अक्षरांचे काय करायचे? ‘बेचि’ असा कोणताही शब्द मराठीत नाही. ‘बे’ हा नकारदर्शक उपसर्ग मानावा, तर ‘जेथे राखसुद्धा नाही’ असा काहीतरी उलटाच अर्थ हाती येतो. म्हणजे शब्द फोडताना आपली सुरी चुकीच्या जागी पडते आहे.

ती योग्य जागी ठेवली की सगळे उलगडते. शब्दाची फोड ‘बे + चिराख’ अशी आहे. दोन्ही घटक फारसी आहेत. ‘बे’ म्हणजे वाचून, विना. आणि ‘चिराख’ म्हणजे फारसी ‘चिराग’, दिवा. बेचिराख म्हणजे दिव्यावाचून असलेले, जेथे दिवा लागत नाही असे. राखेचा या शब्दाशी जन्माचा काडीमात्र संबंध नाही.

‘बे’ हा उपसर्ग मराठीत इतका रुळला आहे की तो परका आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. बेइमान, बेकार, बेपत्ता, बेफिकीर, बेजार, बेसुमार हे शब्द फारसीच्या वाटेने आले. पण पुढे मराठीने हा उपसर्ग आपल्या घरच्या शब्दांनाही जोडला. ‘बेशुद्ध’मधला ‘शुद्ध’, ‘बेताल’मधला ‘ताल’ आणि ‘बेसूर’मधला ‘सूर’ हे सारे संस्कृताच्या कुळातले आहेत. ‘चिराग’ हा शब्दही आपल्याला अगदीच अनोळखी नाही. हिंदी चित्रपटगीतांतून आणि उर्दू गझलांतून तो कानांवर पडतो. दर्ग्यावर दिवा लावण्यासाठी जी देणगी दिली जाई तिला ‘चिरागी’ म्हणत. अरबीतला ‘सिराज’ हाही त्याच कुळातला मानतात. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या नावाचा अर्थ ‘राज्याचा दिवा’ असा होतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या गावात दिवा नाही ते गाव नष्ट झाले, असे का म्हणायचे? दिवा आणि वस्ती यांचा एवढा निकटचा संबंध कोणी जोडला?

त्याचे उत्तर विजेच्या आधीच्या रात्रीत आहे. रानातून चालणाऱ्या वाटसरूला गाव कळायचे ते दिव्यांवरून. दिवसा चार भिंती दिसल्या तरी त्यांत कोणी राहते की नाही हे सांगता येत नाही. भिंती ओसाड गावातही उभ्या असतात. पण संध्याकाळी दिवा दिसला की तेथे माणूस आहे हे निश्चित. दिवा आपोआप लागत नाही. कोणीतरी तेल घालावे लागते, वात वळावी लागते, तिन्हीसांजेची वेळ सांभाळावी लागते. म्हणजे दिव्यामागे एक हात असतो आणि त्या हातामागे एक संसार असतो. घरांची मोजदाद आपण कधी उंबऱ्यांनी केली, कधी चुलींनी केली. ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ हा प्रयोग आजही ऐकू येतो. फारसी बोलणाऱ्यांनी वस्तीची खूण म्हणून दिवा निवडला. ही निवड मराठी मनाला परकी वाटली नाही, आणि त्याला कारण आहे.

आपल्याकडे दिवा ही नुसती प्रकाशाची सोय कधीच नव्हती. आषाढी अमावस्येला घरातले सारे दिवे घासूनपुसून मांडायचे आणि त्यांची पूजा करायची ही रीत अजून पुष्कळ घरी पाळली जाते. संध्याकाळच्या वेळेलाच आपण ‘दिवेलागण’ म्हणतो. घड्याळात ती कितीही वाजता येवो, दिवा लागतो ती संध्याकाळ. देवळातल्या नंदादीपासाठी आणि दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिल्याचे दाखले जुन्या दप्तरांत ठिकठिकाणी आहेत. मुलगा हा ‘वंशाचा दिवा’ ठरला, मग ती समजूत आज आपल्याला पटो वा न पटो. दिवा ‘विझला’ असे म्हणणे तर जुन्या बायकांना अगदी जिवावर येई. ज्या भाषेत बांगडी ‘फुटत’ नाही तर ‘वाढते’, त्याच भाषेत दिवा ‘मालवतो’ किंवा ‘शांत होतो’. गंमत अशी की नालायकपणालाही आपण दिव्याचीच उपमा देतो. ‘काय दिवे लावलेस!’ हे वाक्य शाळेच्या निकालाच्या दिवशी कोणत्या घरात झाले नसेल? आणि ‘दिवाळे’ या शब्दाचा संबंधही दिव्याशीच लावतात. बुडालेला सावकार भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, त्यावरून लोक काय समजायचे ते समजत, अशी त्यामागची परंपरागत हकीकत आहे. दिवसा लागलेला दिवा व्यापाऱ्याचा नाश सांगतो आणि रात्री न लागलेला दिवा गावाचा नाश सांगतो, इतका आपला हिशेब दिव्याशी बांधलेला आहे.

तेव्हा ‘बेचिराग’ हा शब्द मराठीत आला तो रिकाम्या जागेत आला नाही. त्याच्यासाठी जागा तयारच होती. तो आला मात्र काव्यातून नव्हे, तर कचेरीतून. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि पुढे त्याच्या शाखांतही फारसीचे वजन कारभारात कायम राहिले. त्या काळात शेतसारा, मोजणी, वसुली यांची परिभाषा फारसी-अरबी वळणाची झाली. जमीन, महसूल, तालुका, कसबा, मौजे, जमाबंदी, वसूल हे शब्द आजही आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आहेत. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचवून घेतला आणि राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळांतील पत्रे समोरासमोर ठेवून फारसी शब्दांचे प्रमाण कसे घटत गेले तेही दाखवले. पण जे शब्द कचेरीची पायरी उतरून शेतात आणि माजघरात पोचले होते ते गेले नाहीत. माधव जूलियन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला. तो चाळला म्हणजे आपण रोज किती फारसी बोलतो याचा अंदाज येतो.

महसुली भाषेत ‘बेचिराग’ हा शिवीचा किंवा शोकाचा शब्द नव्हता. तो एक वर्ग होता. ज्या मौजाला नाव आहे, शीव आहे, जमीन आहे, सारा ठरलेला आहे, परंतु आत राहणारे कोणी नाही, ते मौजे बेचिराग. शेजारच्या गावचे शेतकरी येऊन त्याची जमीन कसत असतील, पण संध्याकाळी ते आपापल्या घरी परत जातात; त्या शिवेत दिवा लागत नाही. ही संज्ञा अद्याप मेलेली नाही. महसुलाच्या कागदांत अशा गावांना आजही ‘बेचिराग’ म्हणतात. जनगणनेत त्यांची नोंद ‘वस्ती नसलेली गावे’ अशी होते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी ४० हजारांहून अधिक गावे अशी वस्तीहीन होती. महाराष्ट्रात त्यांची संख्या अडीच हजारांहून जास्त भरली. म्हणजे आपल्या राज्यात अडीच हजारांहून अधिक गावांना नाव आहे, नकाशा आहे, सातबारा आहे, फक्त दिवा नाही. ‘ओसाड गावची पाटीलकी’ ही म्हण अशाच ठिकाणी जन्मली असली पाहिजे. अधिकार सगळा आहे, पण तो गाजवायचा कोणावर?

गाव बेचिराख होण्याची कारणे अनेक. त्यांत आगही आहे, हे नाकारता येत नाही. पुण्याचेच उदाहरण घ्या. सुमारे १६३० साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, लुटले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ हा नाशाचा आणखी एक वाक्प्रचार. त्याचा अर्थ असा की ही जागा आता वस्तीला अपात्र ठरली. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, दख्खन आणि गुजरात यांवर भयंकर दुष्काळ पडला. त्याने किती गावांचे दिवे मालवले याची गणती नाही, आणि त्यासाठी कोणाला एक काडीही पेटवावी लागली नाही.

कागदाच्या एका आकड्यानेही गाव बेचिराख होते. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १८३० साली, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याच्या पाहणीनुसार पुणे जिल्ह्यातील इंदापूर भागात नवी सारापद्धत लागू झाली. अर्थशास्त्राच्या पुस्तकी सिद्धांतावर बसवलेले ते दर जमिनीला झेपणारे नव्हते. शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. कित्येकांनी घरदार सोडून शेजारच्या निजामी मुलखाची वाट धरली. शेते पडीक आणि गावे ओस पडली. अखेर १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी फेरपाहणी करून दर पुष्कळ उतरवले आणि ते ३० वर्षांसाठी कायम केले, तेव्हा लोक परतू लागले आणि लागवड वाढली. या साऱ्या प्रकरणात ना स्वारी झाली ना आग लागली. तरीही ज्या गावांतून माणसे उठून गेली ती गावे, शब्दाच्या मूळ अर्थाने, बेचिराख झालीच.

मग दिव्याच्या या शब्दात राख शिरली कशी? याचे पहिले कारण उच्चाराचे आहे. फारसी ‘चिराग’च्या शेवटचा ध्वनी आपल्या ‘ग’सारखा नाही. तो घशातून घासत निघतो आणि मराठीच्या वर्णमालेत त्याला जागा नाही. असा ध्वनी परक्या कानाला कधी ‘ग’ असा ऐकू येतो, कधी ‘ख’ असा. ‘बाग’, ‘डाग’ या शब्दांत मराठीने ‘ग’ पत्करला. ‘चिराग’च्या बाबतीत मात्र ‘ग’ आणि ‘ख’ अशी दोन्ही रूपे चालत राहिली. येथपर्यंत गोष्ट केवळ ध्वनीची आहे.

पण ‘चिराख’ म्हटल्याबरोबर मराठी कानाला त्यात ओळखीचा शब्द सापडला: राख. एकटा ‘चिराग’ बोलण्यातून मागे पडत गेला, दिव्याशी असलेला धागा तुटला आणि राखेशी नवा धागा जुळला. जळलेल्या गावात राख तर असतेच. अर्थ आणि ध्वनी दोन्ही बाजूंनी जुळल्यामुळे ‘ख’चे रूप बोलीत पक्के झाले आणि ‘ग’चे रूप कचेरीच्या दप्तरात राहिले. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा चेहरा देण्याच्या या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात लौकिक व्युत्पत्ती म्हणतात. कल्हईवाल्याकडचा ‘नवसागर’ घ्या. त्यात ना काही नवे आहे ना सागर; फारसी ‘नौशादर’ला आपण समुद्राचे नाव दिले. नाशाच्याच यादीतला ‘जमीनदोस्त’ घ्या. उर्दू-हिंदीत हा शब्द ‘जमींदोज’ असा आहे. त्यातला ‘दोज’ म्हणजे शिवणारा. जरीचे भरतकाम करणारा तो ‘जरदोज’. जमिनीशी जणू टाके घालून शिवून टाकलेले, असे ते चित्र. मराठी ‘जमीनदोस्त’ हा त्याचाच बदललेला अवतार दिसतो. शिंप्याला रजा मिळाली आणि त्याच्या जागी मित्र आला! पडलेली इमारत जमिनीची मैत्रीण झाली, हे चित्रही काही वाईट नाही.

लौकिक व्युत्पत्तीला चूक म्हणून हिणवणे बरोबर नाही. भाषा बोलणारे लोक व्युत्पत्तीचा कोश खिशात घेऊन फिरत नाहीत. शब्द समजून घेण्याची त्यांची ती एक धडपड असते, आणि पुष्कळदा तिच्यातून शब्दाला नवे बळ मिळते. ‘बेचिराख’ला ते मिळाले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी ही शहरे अणुबाँबने बेचिराख झाली, असे आपण म्हणतो तेव्हा तो शब्द जितका नेमका बसतो तितका दुसरा क्वचितच बसेल. तेथे राखही होती आणि दिवेही गेले होते. शब्दाचे दोन्ही अर्थ एका क्षणी खरे ठरले. या वापराला कोणी अशुद्ध म्हणू लागला तर त्याच्याशी सहमत होता येणार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. राखेचा अर्थ आला याचे दुःख नाही. दिव्याचा अर्थ जाऊ नये एवढेच मागणे आहे. कारण केवळ राखेचा अर्थ शिल्लक राहिला तर गावाच्या नाशाची आपली कल्पनाच आखूड होते. आग, धूर, आरडाओरडा, बंब, छायाचित्रे असतील तरच तो नाश, असे आपण मानू लागतो. वास्तविक आपल्या भागात गावे नाहीशी झाली आणि होत आहेत ती बहुतांशी धुराशिवाय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून लोक निजले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली आणि ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मातीखाली गेली. या ठिकाणी जाळ नव्हता. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले तेव्हा भीमेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. वर ज्याचा उल्लेख आला त्याच इंदापूर तालुक्यात जुने पळसदेव आहे; उन्हाळ्यात पाणी फार उतरले की तेथले प्राचीन देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. शिखर आहे, खांब आहेत, गाभारा आहे. पण ज्या गावाने त्या गाभाऱ्यात दिवा लावायचा ते गाव वर सरकले आहे. पाण्याने बुडालेल्या गावाला बेचिराख म्हणताना आज आपली जीभ अडखळते. मूळ अर्थ ठाऊक असेल तर ती अडखळण्याचे कारण नाही.

आणि चौथा प्रकार सर्वांत मुकाट. त्याला तारीख नसते. कोकणातल्या कितीतरी वाड्यांत घरे धडधाकट उभी आहेत. कौले शाबूत आहेत, दाराला कुलूप आहे, अंगणात तुळशीवृंदावन आहे. माणसे मुंबईला. गणपतीत आणि शिमग्यात दार उघडते, चार दिवस घर गजबजते, पुन्हा कुलूप. जाताना शेजारच्या म्हाताऱ्या काकींच्या हाती किल्ली देऊन ‘देवापुढे तेवढा दिवा लावत जा’ असे सांगितले जाते. त्या सांगण्यात आपल्या शब्दाचा मूळ अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे. घर पडू नये याची काळजी नंतरची. आधी ते बिनदिव्याचे राहू नये. मात्र एक काकी किती घरांचे दिवे लावणार, आणि काकींच्या मागे कोण, हा प्रश्न उरतोच. अशा वाडीवर बातमी होत नाही, कारण तेथे काहीच घडलेले नसते. फक्त दिवेलागणीची वेळ येते आणि निघून जाते.

दिव्याचा अर्थ जपण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते. राख पुन्हा लाकूड होत नाही. पण विझलेला दिवा पुन्हा लावता येतो. बेचिराख या शब्दाच्या मुळाशी जी अवस्था आहे ती कायमची नव्हे. म्हणूनच जुन्या राज्यकर्त्यांनी बेचिराख गावांवर शोक करत न बसता ती वसवण्याची रीत घालून दिली. गाव सोडून गेलेल्या रयतेला अभयाचा ‘कौल’ द्यायचा. सारा एकदम न लावता पहिल्या वर्षी नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढता, असा ‘इस्तावा’ ठरवून द्यायचा. पेठ वसवणाऱ्या शेटे-महाजनांना वतने द्यायची. ज्या पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला होता त्याच पुण्यात पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्या उपस्थितीत सोन्याचा नांगर फिरवला गेला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सोन्याचा नांगर ही परंपरेची वाणी असेल. परंतु पुणे पुन्हा वसले हे तर उघडच आहे. माळीणजवळही पुढे नवे माळीण उभे राहिले. मूळ अर्थाने पाहिले तर ‘बेचिराख’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द ‘आबाद’, म्हणजे वसलेले, हा आहे. आणि एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जायला वाट आहे. ‘राख’ या अर्थाने पाहिले तर ती वाट बंद होते.

आता प्रत्यक्ष वापराविषयी दोन शब्द. ‘बेचिराख’ हे विशेषण आहे आणि ते ‘होणे’ व ‘करणे’ या क्रियापदांबरोबर येते. ते शोभते गावाला, शहराला, मुलखाला, वस्तीला. फार तर घराला. कागद जळून राख होतो, कडब्याची गंजी खाक होते, व्यापारी बुडतो, माणूस बरबाद होतो. यांपैकी कोणी बेचिराख होत नाही. ‘आगीत कपड्यांचा गठ्ठा बेचिराख झाला’ असे वाक्य वाचले की काहीतरी खटकते, ते यामुळेच. गठ्ठ्यात दिवा कधी लागतच नव्हता! शब्द वापरण्यापूर्वी मनाशी एवढे विचारावे: येथे संध्याकाळी दिवा लागत होता का, आणि आता तो लागत नाही का? दोन्ही उत्तरे ‘होय’ आली तर शब्द निःशंक वापरावा, मग तेथे आग लागलेली असो वा नसो.

भाषेच्या अभ्यासकाने व्युत्पत्ती शोधायची ती केवळ पांडित्य मिरवण्यासाठी नव्हे. एखाद्या शब्दाचे मूळ कळले की आधी न दिसणारी एखादी वस्तू दिसू लागते. ‘बेचिराख’चे मूळ ज्याला कळले त्याने रात्रीच्या एस. टी.तून जाताना खिडकीबाहेर नजर टाकावी. अंधारात लांबवर एखादा दिवा दिसेल. तेथे कोणीतरी अजून राहते आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. आणि जेथे दिवा दिसायला हवा होता पण दिसला नाही, ती जागाही त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.